पनुसयाने घाई केली नाही

१० ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी बँकॉकजवळच्या रांगसित इथे, थम्मासात विद्यापीठाच्या आवारात, पनुसया सिथिचिरवट्टनकुल या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीने राजसंस्थेच्या सुधारणेच्या दहा मागण्या जाहीरपणे वाचल्या. राजावरील टीकेला गुन्हा ठरवणारे कलम ११२ रद्द करा, राजघराण्यावरचा सरकारी खर्च कमी करा, यापुढे कोणत्याही लष्करी उठावाला राजाने मान्यता देऊ नये, असा त्यांचा रोख होता. तेव्हापासून तिच्यावर आरोपांचा पाऊस पडतो आहे.

ती देशद्वेष्टी आहे, परक्यांची शिकवणी गिरवते, हा आरोप तर टिकतच नाही. राजा संविधानाच्या चौकटीत असावा, हे थायलंडने १९३२ च्या क्रांतीत स्वतःच ठरवले. त्या क्रांतीचे एक नेते प्रीदी फनोमयोंग यांनीच दोन वर्षांनी थम्मासातची स्थापना केली. विद्यार्थ्यांनी पुस्तकात डोके घालून बसावे, असे सांगणाऱ्यांनी ऑक्टोबर १९७३ आठवावा. थानोम कित्तिकचोर्न यांची लष्करी राजवट तेव्हा विद्यार्थ्यांच्या आंदोलनानेच कोसळली.

तिसरा आक्षेप मात्र विचारी माणसांचा आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे. ते म्हणतात, मुलीने घाई केली. नवे संविधान आणि निवडणुका एवढ्यावर थांबली असती, राजाचे नाव घेतले नसते, तर लोक सोबत राहिले असते. बाकीचे पुढे संसदेतून झाले असते.

संसदेतून काय झाले ते पाहा. मूव्ह फॉरवर्ड पक्षाने कलम ११२ रद्द करण्याचे नव्हे, फक्त दुरुस्त करण्याचे आश्वासन दिले. याहून मवाळ मागणी कोणती असू शकते? मे २०२३ च्या निवडणुकीत १ कोटी ४० लाखांहून अधिक मते आणि ५०० पैकी १५१ जागा मिळवून तो सर्वांत मोठा पक्ष ठरला. पण लष्करी राजवटीने नेमलेल्या सिनेटने त्याच्या नेत्याला पंतप्रधान होऊ दिले नाही. जानेवारी २०२४ मध्ये संविधान न्यायालयाने त्या आश्वासनालाच राज्यव्यवस्था उलथवण्याचा प्रयत्न ठरवले आणि ७ ऑगस्टला पक्ष विसर्जित झाला. म्हणजे संयमाचा मार्ग चालून पाहिला गेला आणि त्यालाही तीच शिक्षा मिळाली.

मुळात राजाला वगळून लोकशाही मागणे तिथे अपुरेच होते. २०१४ चा लष्करी उठावही राजमान्यता मिळूनच स्थिरावला. कलम ११२ खालील आजची शिक्षा, प्रत्येक गुन्ह्याला तीन ते पंधरा वर्षे, हीसुद्धा १९७६ च्या उठावाची देणगी आहे. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला थम्मासातमध्ये विद्यार्थ्यांची कत्तल झाली होती. सरकारी आकडाच ४६ मृतांचा आहे. ज्या विद्यापीठात हे घडले तिथल्याच मुलीने ते कलम मागे घ्या म्हणावे, यात घाई कुठे दिसते? मला तर चव्वेचाळीस वर्षांचा उशीर दिसतो.

तिने किंमतही मोजली. मार्च २०२१ मध्ये ती तुरुंगात गेली आणि महिन्याहून अधिक काळ अन्नत्याग केल्यावर मे महिन्यात जामिनावर सुटली. लोकमान्यांना लेखांसाठी मंडालेला पाठवणाऱ्या कायद्याचा संताप आपल्याला आजही येतो. मग रुंगच्या, म्हणजे पनुसयाच्या, धैर्याला उतावीळपणा म्हणू नये. आणि थाई तरुणांना धीर धरा म्हणणाऱ्यांनी आधी सांगावे: त्यांच्यासाठी कोणते दार उघडे ठेवले आहे?