पूल नको, धक्का द्या

शनिवारी सकाळी खारदांड्याला बोंबील घेत होतो, तेवढ्यात ऑफिसातल्या मित्राचा फोन. टीमच्या सहलीसाठी क्रूझ बघायची म्हणे. "पण ती अवाढव्य नको रे. छोटीशी. पूल, स्पा, कॉफी शॉप... ती आंग्रिया होती ना, तसली."

झालं! माझं डोकंच सरकलं.

आंग्रिया २० ऑक्टोबर २०१८ ला वाजतगाजत सुरू झाली. मुंबई-गोवा. १०४ खोल्या, साडेतीनशेच्या आसपास प्रवासी, आणि वर इन्फिनिटी पूल. करोनाच्या काळात तिचं बस्तान उठलं. पण गंमत पुढेच आहे. ही बोट मूळची जपानी, १९९७ ची. तिथलं नाव ओगासावारा मारू. तोक्योहून हजार किलोमीटरवरच्या ज्या बेटांवर विमानतळच नाही, तिथे माणसं आणि सामानसुमान न्यायची. एका वेळी सुमारे हजार प्रवासी! म्हणजे चक्क एसटीच की हो. आपण ती एसटी विकत आणली, दोनतृतीयांश माणसं उतरवली आणि पोहायची सोय केली. क्लायंटची रिक्वायरमेंट न विचारता फीचर्स वाढवायची सवय आम्हा आयटीवाल्यांनाच असते असं मला वाटायचं. (पूल म्हणाल तर आमच्या दांड्यासमोरच्या समुद्रात एक आधीच चाललाय, वांद्रे-वर्सोवा सेतूचा. तो वेगळा विषय.)

माझे आजोबा भाऊच्या धक्क्यावरून बोटीने देवगडला जायचे. बोट खोल पाण्यात उभी राहायची, मग पडावातून किनाऱ्याला. आजी सांगायची, "आधी आम्हाला बोट लागायची, मग देवगडला बोट लागायची." सुखसोयींच्या नावाने शंख, पण माणूस घरी पोचायचा. आंग्रिया त्याच किनाऱ्यावरून, देवगड-मालवणला वळसा घालून, थेट गोव्याला.

आता कुणी म्हणेल, गणपतीला बोट चालणार आहे का? नाही चालणार, पावसाळी समुद्र आहे, मान्य. पण शिमग्याला? मे महिन्यात? तेव्हाही रेल्वेची तिकिटं काही मिनिटांत संपतात आणि हायवेचं रुंदीकरण २०११ पासून सुरू आहे. मांडव्याची रो-रो मार्च २०२० पासून चालतेय, तिच्यात कुणी पूल मागितला? गाडीसकट पोचलो, विषय संपला.

क्रूझ छोटी हवी हे मलाही पटतं. पण लहान बंदरात शिरता यावं म्हणून छोटी, 'एक्सक्लुझिव्ह' वाटावं म्हणून नाही. १३१ मीटरची आंग्रियासुद्धा देवगडला मोठीच झाली असती. अजून लहान आणा. पर्यटकांकडून पैसे काढायचेत ना, वर दहा खोल्या त्यांना द्या, स्पासुद्धा द्या. खाली बाकडी टाका आणि मधल्या बंदरांचं तिकीट द्या.

हे सगळं मित्राला फोनवर ऐकवलं. कोळीण मावशी पिशवी हातात धरून ताटकळलेल्या.

तो शांतपणे म्हणाला, "एवढा का चिडतोस? बोट लागते का तुला?"

म्हटलं, "मला नाही रे. देवगडला लागत नाही."