त्यांचे पर्यटन, आमचा बंदोबस्त

कोल्हापूरचा माणूस पुण्याला कशाला जातो? पोराच्या नोकरीच्या मुलाखतीला जातो, स्पर्धा परीक्षेच्या क्लासची चौकशी करायला जातो, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात चिकटलेल्या भावाकडे बारशाला जातो, आणि चळवळीतला असेल तर १ जानेवारीला कोरेगाव भीमाला जातो. टेनिस बघायला म्हणून पुण्याला निघालेले कुटुंब आमच्या वस्त्यांत शोधून सापडणार नाही. "तो काय आपला खेळ नव्हे" हे उत्तर तयारच असते. आपला खेळ कोणता आणि त्यांचा कोणता ही वाटणी कोणी केली, हे मात्र कोणी विचारत नाही.

पुण्याच्या बालेवाडीत २०१८ ते २०२३ या काळात 'महाराष्ट्र ओपन' ही पुरुषांची व्यावसायिक टेनिस स्पर्धा पाच वेळा भरली. त्याआधी १९९७ ते २०१७ अशी एकवीस वर्षे ती चेन्नईत होत होती. राज्य सरकारने पाठबळ दिले, उद्योगसमूहाचे नाव लागले आणि स्पर्धा महाराष्ट्रात आली. पहिल्या वर्षी फ्रान्सचा जील सिमाँ जिंकला, दुसऱ्या वर्षी दक्षिण आफ्रिकेचा केविन अँडरसन. आपल्या रोहन बोपण्णाने २०१९ मध्ये दिविज शरणला आणि २०२२ मध्ये रामकुमार रामनाथनला घेऊन दुहेरी जिंकली. अशा स्पर्धेभोवती शहराची सहल आखणे हा जगभर मोठा धंदा आहे. सकाळी शहर बघायचे, दुपारी सामने, रात्री हॉटेल. लंडन, पॅरिस, मेलबर्न या शहरांत स्पर्धेच्या दिवसांत खोली मिळत नाही. पुण्यालाही त्या पंगतीत बसवायचे स्वप्न दाखवले गेले.

आता तारखा पाहा. पहिली स्पर्धा १ ते ६ जानेवारी २०१८. दुसरी ३१ डिसेंबर २०१८ ते ५ जानेवारी २०१९. पाचवी २ ते ७ जानेवारी २०२३. जानेवारीचा पहिला आठवडा पुण्याच्या इतिहासात कोणाचा आहे, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. १ जानेवारी १८१८ ही कोरेगावच्या लढाईची तारीख. १ जानेवारी १८४८ ला भिडेवाड्यात जोतिरावांनी मुलींची शाळा काढली. ३ जानेवारी हा सावित्रीमाईंचा जन्मदिवस. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब विजयस्तंभापुढे उभे राहिले आणि तेव्हापासून ती वाट रिकामी राहिलेली नाही. म्हणजे त्या आठवड्यात पुण्याला जाणाऱ्यांची रांग टेनिसच्या आधीपासून लागलेली होती. ती मोजायची कोणाची तयारी नव्हती, एवढेच.

१ जानेवारी २०१८ ला काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. शहराच्या पश्चिमेला बालेवाडीत मुख्य फेरीचे सामने सुरू झाले आणि त्याच दिवशी ईशान्येला नगर रस्त्यावर, लढाईच्या द्विशताब्दीला आलेल्या लोकांवर दगडफेक झाली, गाड्या जाळल्या गेल्या, एका तरुणाचा जीव गेला. ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला. कोल्हापुरातही त्या दिवशी वातावरण तापले. पुढे निवृत्त न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. टेनिसचा अंतिम सामना ठरल्या दिवशी, ६ जानेवारीला पार पडला. खेळाडूंचा त्यात काही दोष नाही, प्रेक्षकांचाही नाही. आमचा प्रश्न नियोजन करणाऱ्यांना आहे. एकाच जिल्ह्यात, एकाच दिवशी, दोन ठिकाणी बाहेरगावची माणसे येणार होती. एका ठिकाणाला 'पर्यटन' म्हटले गेले आणि दुसऱ्याला 'बंदोबस्त'. एकीकडे पाहुण्यांच्या सोयीचा विचार, दुसरीकडे कायदा आणि सुव्यवस्थेचा. आणि तो बंदोबस्तही गरज पडली तेव्हा कमी पडला.

२०१९ पासून प्रशासन १ जानेवारीला वाहनतळ, पीएमपीएमएलच्या बस, पाण्याचे टँकर अशी व्यवस्था करते, हे मान्य केले पाहिजे. पण भाषा बदललेली नाही. लाखो माणसे एसटीने, रेल्वेने, टेम्पोने येतात, चहा-वडापाव खातात, पुस्तके विकत घेतात, नातेवाइकांकडे मुक्काम करतात. ही माणसे शहराच्या अर्थव्यवस्थेत भर घालतात असे कोणी म्हटलेले आम्ही ऐकलेले नाही. हॉटेलात उतरणारा पाहुणा. स्वारगेटच्या फलाटावर पथारी टाकणारा मात्र गर्दी!

आणि ज्या स्पर्धेसाठी एवढा खटाटोप झाला ती कुठे आहे? २०२३ नंतर ती पुण्यातून गेली आणि २०२४ च्या जानेवारीत तिच्या जागी हाँगकाँगची स्पर्धा आली. हा व्यावसायिक टेनिसचा रिवाजच आहे. स्पर्धेचा परवाना मालकाच्या खिशात असतो, शहर हे भाड्याचे घर. चेन्नईला एकवीस वर्षांनी ते कळले, पुण्याला पाच स्पर्धांत कळले. नगर रस्त्यावर येणारे लोक मात्र दरवर्षी येतच आहेत.

तरीही आमचे म्हणणे असे नाही की टेनिसकडे पाठ फिरवा. उलट, आवर्जून जा. बालेवाडीचे क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी जनतेच्या पैशातून उभे राहिले. तिथल्या खुर्चीवर बसायला संकोच कशाचा? संकोच आपल्या मनात कसा बसवला गेला, हे पुण्यानेच दाखवले आहे. पळवणकर बाळू हा चर्मकार समाजातला गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी राखता राखता तो साहेबांना गोलंदाजी करू लागला. पुढे हिंदूंच्या संघाला त्याच्याशिवाय सामने जिंकता येईनात, तरी चहाच्या वेळी त्याला तंबूबाहेर मातीच्या भांड्यात वेगळा चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून जास्त बळी घेतले. पुढे १९३७ च्या निवडणुकीत तो बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहून हरला, हा इतिहास आम्ही विसरत नाही. पण म्हणून त्या मातीच्या भांड्याचा अपमान खोटा ठरत नाही. कोल्हापूरच्या माणसाला तो लगेच कळेल, कारण याच गावात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढायला लावले आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला.

टेनिस हा तर क्रिकेटहून सोवळा खेळ, क्लबाच्या भिंतीआडचा. अमेरिकेतल्या काळ्यांनी ती भिंत कशी ओलांडली? ॲल्थिया गिब्सन ही काळी मुलगी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये रस्त्यावर खेळत वाढली आणि १९५७ साली विम्बल्डन जिंकली. आर्थर ॲशने ते १९७५ साली जिंकले. या ॲशला दक्षिण आफ्रिकेच्या वंशवादी सरकारने आधी व्हिसा नाकारला होता. १९७३ मध्ये तो मिळाला तेव्हा त्याने जोहान्सबर्गला खेळण्यासाठी अट घातली की प्रेक्षकांत काळ्या-गोऱ्यांची वेगवेगळी बाके नकोत. ब्लॅक पँथरवरून पँथरचे नाव घेणाऱ्या आपल्या चळवळीला हे लांबचे वाटू नये. कोर्टावर कोण खेळतो याइतकाच भोवती कोण बसतो हा प्रश्न ॲशने महत्त्वाचा मानला.

प्रवासातून काय आणायचे याचा धडा कोल्हापूरकराने पुण्याकडून घ्यायची गरज नाही. शाहू महाराज १९०२ मध्ये राज्यारोहण समारंभासाठी विलायतेला गेले, तेव्हा रोमचे जुने क्रीडागार पाहून आले आणि १९१२ पर्यंत खासबागेचे कुस्ती मैदान उभे राहिले. मध्ये हौद आणि भोवती चढत गेलेल्या पायऱ्या, म्हणजे मागे बसलेल्यालाही कुस्ती दिसावी. त्याच दौऱ्यात असताना २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम निघाला. सहल असावी तर अशी.

आता आखणीचे बोलू. जानेवारीतली मोठी स्पर्धा गेली असली तरी बालेवाडी ओस पडलेली नाही. फेब्रुवारी २०२४ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे चॅलेंजर दर्जाच्या स्पर्धा झाल्या. छोट्या स्पर्धेला नाक मुरडू नये. २०२४ ला इथे जिंकलेला मोनॅकोचा व्हॅलेंटिन वाशेरो पुढच्या वर्षी शांघायची मास्टर्स स्पर्धा जिंकला, तेव्हा जागतिक क्रमवारीत तो दोनशेच्याही खाली होता. ८ ते १२ एप्रिल २०२५ ला बिली जीन किंग चषकाचे महिलांचे सांघिक सामने बालेवाडीतच झाले. श्रीवल्ली भामिदिपतीने एकेरीचे पाचही सामने जिंकले, भारत दुसरा आला. त्या पाच दिवसांत ११ एप्रिल होता, म्हणजे जोतिरावांची जयंती. सकाळी गंज पेठेत फुलेवाडा, तिथून चालत भिडेवाड्याची जागा (मूळ वाडा स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला), आणि दुपारी देशासाठी खेळणाऱ्या मुली. शाळकरी मुलीला घेऊन जायला याहून चांगला दिवस कुठला? तो हुकला. पुढचे वेळापत्रक जाहीर झाले की आधी आपल्या दिनदर्शिकेशी ताडून पाहावे.

दिवस निवडताना अंतिम सामन्याचा हट्ट सोडावा. शेवटच्या दिवशी एक-दोन सामने असतात आणि तिकीट महाग. पहिल्या दोन-तीन दिवसांत बाजूच्या कोर्टांवरही सामने चालतात, सरावही दिसतो, खेळाडू हाताच्या अंतरावर असतो. एक गोष्ट मुलांना घरीच समजावून न्यावी. खासबागेत डाव पडताच आरोळी ठोकायची आपली सवय. इथे चेंडू खेळात असताना गप्प बसतात आणि जागेवरून उठायचे ते खेळाडू बाजू बदलताना. खाण्याचे डबे मोठ्या स्पर्धेत बहुधा आत नेऊ देत नाहीत, तेव्हा भाकरी फाटकाबाहेरच उरकलेली बरी.

खर्चाचे म्हणाल तर मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. त्यामुळे आजी, आई आणि मुलगी असे तिघींनी निघणे हेच सर्वांत स्वस्त. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री निघून पहाटे पुण्यात पोचवते, म्हणजे एका रात्रीचे भाडे वाचते. सप्टेंबर २०२४ पासून वंदे भारतही आली, पण तिचे तिकीट आपल्या खिशाला जड. मुक्कामाला पिंपरी-चिंचवडचे नातेवाईक आहेतच. त्यांनाही या निमित्ताने स्टेडियम दिसेल.

एक मागणी मात्र ठामपणे केली पाहिजे. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात. सामाजिक न्याय विभागाच्या वसतिगृहांतील मुलामुलींसाठी बालेवाडीतल्या प्रत्येक व्यावसायिक स्पर्धेत पहिल्या दिवसांच्या काही खुर्च्या राखून ठेवाव्यात आणि त्यांना एसटीची गाडी द्यावी. सरकार स्पर्धेला पैसा आणि मैदान देत असेल तर करारात एवढे एक कलम घालता येते. जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी हे निवेदन क्रीडा आणि सामाजिक न्याय या दोन्ही खात्यांना एकाच वेळी द्यावे, नाहीतर एक खाते दुसऱ्याकडे बोट दाखवील.

तोपर्यंत स्वतःच्या तिकिटाने जाणाऱ्यांसाठी: कात्रज-देहूरोड बाह्यवळण बालेवाडीच्या कडेने जाते, तेव्हा स्वारगेटची गाडी न धरता बाह्यवळणाने मुंबईकडे जाणारी धरावी आणि बालेवाडीला उतरवायला कंडक्टरला निघतानाच सांगून ठेवावे. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने पुढे गेले की देहूरोड लागते. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ ला बुद्धमूर्ती बसवली ते विहार तिथेच आहे.