आकड्याची कसोटी

घरातील एखादी मुलगी बेळगावहून बंगळूरला किंवा सोलापूरहून पुण्याला वैद्यकीय प्रयोगशाळेचे शिक्षण घेण्यास निघाली, की शेजारीपाजारी हमखास विचारतात, "हल्ली सारे यंत्रच करते; मग शिकायचे ते काय?" प्रश्न स्वाभाविक आहे, आणि त्याचे उत्तर प्रत्येक कुटुंबाला उपयोगी पडणारे आहे.

जीवरसायनशास्त्र आणि बंगळूर यांचा उल्लेख झाला की मराठी वाचकांस कमला सोहोनी यांचे स्मरण व्हावे. 1933 साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या तेथील भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा स्त्री असल्यामुळे संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. त्यांनी आग्रह सोडला नाही; तेव्हा एक वर्षाच्या कसोटीवर त्यांना घेण्यात आले. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर संशोधन केले. त्यांचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले व संस्थेत स्त्रियांना प्रवेश मिळू लागला. पुढे 1939 साली कमलाबाईंना केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली. ती कसोटी एका व्यक्तीवर अन्याय करणारी होती, यात संशय नाही. परंतु प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक आकड्याला मात्र कसोटी लावावीच लागते.

रक्तातील साखरेचेच उदाहरण घ्या. काढलेल्या रक्तातील पेशी नळीतही जिवंत असतात आणि साखर खर्च करीत राहतात. साध्या नळीतील रक्त तसेच ठेवले, तर खोलीच्या उष्णतामानात दर तासाला सुमारे 5 ते 7 टक्के साखर कमी होते. समजा, एखाद्या गृहस्थाची उपाशीपोटीची साखर 100 मिलिलिटरमागे 130 मिलिग्रॅम आहे. 126 वा त्याहून अधिक आकडा मधुमेह सुचवितो. नमुना तीन तास पडून राहिला, तर तोच आकडा 108 च्या आसपास येईल आणि रोगी निश्चिंत मनाने घरी जाईल! यंत्राने चूक केलेली नसते; जे समोर आले तेच त्याने मोजलेले असते. म्हणून साखरेसाठी करड्या टोपणाची, फ्लोराइड घातलेली नळी वापरतात. तरीही पहिल्या तास-दोन तासांत थोडी घट होतेच; यास्तव सेंट्रिफ्यूज फिरवून रक्तद्रव लवकर वेगळा करणे उत्तम.

आता मोजणीकडे वळू. ग्लुकोज ऑक्सिडेज नावाच्या विकराने साखरेपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि दुसऱ्या विकराच्या साहाय्याने त्यातून गुलाबी रंग येतो. साखर जितकी अधिक, तितका रंग गडद आणि तितका अधिक प्रकाश शोषला जातो. पण केवळ रंगावरून आकडा कळत नाही. शेजारी ज्ञात प्रमाणाचे द्रावण, म्हणजे स्टँडर्ड, हवे. 100 मिलिग्रॅमच्या स्टँडर्डचे शोषण 0.25 आणि रोग्याच्या नमुन्याचे 0.35 असेल, तर साखर 140 होय. वाणी मापाशिवाय धान्य तोलू शकत नाही, तसेच हे आहे.

आणि माप खरे आहे, हे कशावरून? त्यासाठी रोज रोग्यांच्या नमुन्यांबरोबर ठरावीक मूल्याचे कंट्रोल सीरम तपासतात व त्याचा बिंदू आलेखावर मांडतात. ही पद्धत लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी 1950 साली वैद्यकीय प्रयोगशाळांत आणली. बिंदू ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, तर कारण सापडेपर्यंत अहवाल रोखून धरावयाचे. रांगेतील माणसे घाई करीत असताना हात आवरणे सोपे नसते; पण हीच खरी विद्या.

नमुना घेतानाही असेच जपावे लागते. तांबड्या पेशींत पोटॅशियम रक्तद्रवापेक्षा वीस पटींहून अधिक असते. सुईतून रक्त जोराने ओढले किंवा नळी खळखळून हलविली, तर पेशी फुटतात, पोटॅशियम बाहेर येते आणि निरोगी माणूसही कागदावर गंभीर आजारी ठरू शकतो.

या कामात आपलाही वाटा आहे. उपाशीपोटीच्या तपासणीपूर्वी किमान आठ तास काही खाऊ नका. साधे पाणी चालते. चहाचा एक घोट घेतला असेल, तर संकोच न करता सांगा. चालू असलेल्या औषधांची नावे द्या. नळीवरील आपले नाव स्वतः वाचून पाहा. आकडा अनपेक्षित आला, तर घाबरून न जाता वैद्यांच्या सल्ल्याने तपासणी पुन्हा करा.

आणि शेजाऱ्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला, तर खुशाल सांगा: यंत्र आकडा देते; तो आकडा रोग्याच्या हाती देण्याजोगा आहे की नाही, हे ओळखायला आमची मुलगी शिकते आहे.