फ्लॅट बघताय? आधी पार्किंग बघा

दारव्ह्याहून यवतमाळ चाळीसेक किलोमीटर, गाडीनं तासाभरात माणूस पोचतो. त्याच हिशेबानं पुण्यात नोकरी लागली की आपली पोरं हिंजवडीपासूनचे किलोमीटर मोजतात. इथंच गणित फसतं. वाकडहून आयटी पार्क जवळच दिसतं, पण सकाळी भूमकर चौकात गाडी अडकली की किलोमीटर गेले चुलीत. टोकन देण्याआधी कामाच्या दिवशी नऊ वाजता तो रस्ता एकदा स्वतः करून बघा. रविवारी बघाल तर फसाल.

दुसरं म्हणजे पार्किंग. पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या कारची नोंदणी होणार नाही, असं परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी मे २०२५ मध्ये जाहीर केलं. हेतू बरोबरच आहे. पण भाड्यानं राहणाऱ्यानं काय दाखवायचं? जागा तर घरमालकाची. त्यामुळे भाडेकरारातच पार्किंग लिहून घ्या, ‘लावा कुठंही’ हे तोंडी बोलणं सोसायटीत चालत नाही. पुढंमागं विकत घेणार असाल, तर महारेराचे नियम वाचा. उघड्या पार्किंगचे वेगळे पैसे बिल्डरला घेता येत नाहीत. झाकलेलं असेल तर त्याची लांबी, रुंदी, उंची करारात हवी. नाहीतर ताबा मिळाल्यावर कळतं, की दोन खांबांच्या मधे गाडी बसते, पण दार उघडत नाही.