अर्थ विचारायचा राहून गेला

दिवाळीच्या सुट्टीत नातू आला की आमच्याकडे स्क्रॅबलचा पट मांडला जातो. मी तसा जुना खेळाडू. बदलीच्या गावी संध्याकाळी बँक सुटल्यावर दुसरं करण्यासारखं काही नसे, त्यामुळे अक्षरांच्या १०० चकत्यांचा हा डबा माझ्याबरोबर सहा गावं हिंडला आहे. यंदा मात्र बारा वर्षांच्या पोरानं मला लोळवलं. 'क्यू'च्या मागे 'यू' यायचाच, हे आम्हाला पाचवीत गुरुजींनी छडी दाखवून शिकवलेलं. नातवानं 'यू'ची वाट न पाहता क्यू, ए, एन, ए, टी अशी अक्षरं लावली आणि १४ गुण खिशात घातले.

"अर्थ काय रे याचा?"

"काय माहीत! पण शब्द आहे."

खरोखरच होता. मोबाइलवर म्हणे हातातली अक्षरं टाकायची, अमुक अक्षर हवंच असं सांगायचं, की शब्दांची यादी समोर येते. 'यू'विना 'क्यू' असलेले शब्द त्यानं असेच काढून तोंडपाठ केले होते. खेळताना मोबाइलला हात लावला नव्हता. लबाडी म्हणावी, तर तीही नाही.

आणि खेळाच्या मूळपुरुषानं तरी काय केलं होतं? आल्फ्रेड बट्स हा अमेरिकन वास्तुविशारद. १९३०च्या दशकातल्या मंदीत काम गेलेलं. त्यानं वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजली. सारखं येणाऱ्या 'ई'च्या १२ चकत्या केल्या आणि गुण ठेवला एकच. क्वचित येणाऱ्या 'क्यू'ची चकती एकच, गुण १०. अर्थाचा हिशेब त्यात कुठेच नाही. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सनं तर २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचं जागतिक विजेतेपद फ्रेंच बोलता येत नसताना मिळवलं. कोशातले शब्द त्यानं पाठ केले होते. २०२४ साली त्यानं स्पॅनिशमध्येही तोच पराक्रम केला. म्हणजे नियमानं नातू बरोबर. मग माझी तक्रार काय?

तक्रार नातवाविरुद्ध नाहीच, ती माझ्याविरुद्ध आहे. १९८७ साली मी एका खेड्यातल्या शाखेत शेतीकर्जं पाहत होतो. कर्जाच्या कागदांत 'हायपॉथिकेशन' हा शब्द पदोपदी. त्याचं स्पेलिंग मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. एका शेतकऱ्याला बैलजोडीसाठी कर्ज दिलेलं होतं. त्या वर्षी ना पाऊस ना चारा. त्यानं बैल बाजारात विकले आणि घरात धान्य भरलं. मी नियमाप्रमाणे नोटीस काढली. ती घेऊन तो टेबलासमोर उभा राहिला. "साहेब, गोठा माझा, वैरण माझी. मग बैल कुणाचे?" मी करारातल्या त्या शब्दावर बोट ठेवलं. "म्हंजी काय?" त्यानं विचारलं.

मला सांगता आलं नाही. संध्याकाळी शाखेतल्या वयस्कर शिपायानं सांगितलं, "साहेब, त्याला नजरगहाण म्हणतात." वस्तू कर्जदाराकडेच राहते, पण तिच्यावर बोजा असतो, बँकेला विचारल्याशिवाय ती विकता येत नाही. अंगठा घेताना एवढं मराठीत सांगितलं असतं, तर तो माणूस बैल विकण्याआधी निदान विचारायला आला असता. मी त्याला अक्षरं दाखवली होती, शब्द दिलाच नव्हता.

आज कर्ज मोबाइलवर मिळतं आणि अंगठा 'आय ॲग्री'च्या बटणावर पडतो. त्या बटणावरच्या मजकुरातले किती शब्द आपण जाणतो? अर्थावाचून शब्द चालवून घेण्याची सवय खेळाच्या पटापुरती राहत नाही, म्हणून हे लिहायचं.

त्या रात्री मी कोश उघडला. मला आठवली होती मांडवाची कनात. पण इंग्रजीतला हा 'कनात' म्हणजे जमिनीखालून उतारानं पाणी आणणारा इराणी कालवा. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरनं आजच्या छत्रपती संभाजीनगरात नहरीनं पाणी आणलं, ती याच जातीची. गेल्या वर्षी नातवाला तिथली पाणचक्की दाखवली होती. तिच्यासाठीही पाणी जमिनीखालूनच आणलेलं. सकाळी हे सांगितल्यावर पोराचे डोळे चमकले. १४ गुणांनी ते चमकले नव्हते.

आता घरात नियम केला आहे. यादी खुशाल पाठ करा. पण शब्द लावताना अर्थ सांगा, नाहीतर गुण निम्मे. नातवानं कुरकुर केली, पण मानलं. परवा मी 'लीन' लावला. बँकेतला रोजचा शब्द. त्यानं लगेच हटकलं, "आजोबा, अर्थ?"

उभी नोकरी हा शब्द लिहिण्यात गेली, तरी क्षणभर अडखळलो. मग सांगितलं, "आपलं येणं फिटेपर्यंत दुसऱ्याच्या वस्तूवर असलेला हक्क."

"मग ती वस्तू कुणाची?"

या खेपेला मी चकत्या बाजूला सारल्या आणि नीट समजावून सांगायला बसलो.