स्वयंपूर्ण कंपायलर: एका गौरवकथेची उलटतपासणी

१/ संगणकाच्या इतिहासावरील लेखनात एक वाक्य हमखास येते: ‘अमुक भाषेचा कंपायलर त्याच भाषेत लिहिला गेला आणि ती भाषा स्वयंपूर्ण झाली.’ वाक्याचा पूर्वार्ध खरा असतो. उत्तरार्धाला माझा विरोध आहे. #थ्रेड

२/ कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेल्या सोर्स कोडचे यंत्राला कळणाऱ्या बायनरीत रूपांतर करणारा प्रोग्राम. तो स्वतःच्याच भाषेत लिहिला, तरी त्याचे रूपांतर कोणीतरी करायला हवेच. हा पेच सोडवण्याच्या कृतीला बूटस्ट्रॅप म्हणतात: आपल्याच बुटाचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलणे. प्रत्यक्षात पहिल्या खेपेला हात नेहमी दुसऱ्याचाच असतो.

३/ पुरावे पाहा. १९६२ साली एमआयटीत टिम हार्ट व माइक लेविन यांनी लिस्पचा कंपायलर लिस्पमध्ये लिहिला. तो प्रथम चालवला आधीच उपलब्ध असलेल्या लिस्प इंटरप्रिटरने. झ्युरिकला निक्लाउस विर्ट यांचा, पास्कलचा कंपायलर फोर्ट्रानमध्ये लिहिण्याचा पहिला प्रयत्न फसला. मग तो पास्कलमध्येच लिहिला गेला आणि शिल्ड या सहकाऱ्याने तो हाताने एका खालच्या पातळीच्या भाषेत उतरवला. पास्कल ‘स्वतःच्या पायावर’ उभी राहिली ती या हस्तलेखनावर. विर्ट यांचे नाव सर्वांना ठाऊक. शिल्ड यांचे किती जणांना?

४/ कंपायलर स्वतःला घडवू लागला की ही शिडी अडगळीत जाते. नवी बायनरी जुन्या बायनरीतून, ती तिच्याहून जुन्या बायनरीतून. काही पिढ्यांनंतर सोर्स वाचता येतो, पण हातातली बायनरी त्याच सोर्समधून निघाली हे सिद्ध करता येत नाही. नक्कल हाती, अस्सल गहाळ! अशा साधनावर डोळे झाकून विसंबणाऱ्या इतिहासकाराला आपण काय म्हणू?

५/ केन थॉम्प्सन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्कार व्याख्यानात हेच दाखवले. कंपायलरला शिकवायचे की लॉगिन प्रोग्राम दिसला तर चोरवाट घाल, आणि स्वतःचाच सोर्स दिसला तर ही शिकवण पुढच्या पिढीत घाल. मग सोर्समधून सारे पुसून टाकायचे. सोर्स निर्मळ, बायनरी विषारी, आणि विष वंशपरंपरागत. अशी शक्यता १९७४ साली मल्टिक्सच्या सुरक्षा-परीक्षणात कार्गर व शेल यांनी आधीच नोंदवली होती.

६/ ‘ही पुस्तकी भीती’ असे म्हणणारे आजही भेटतात. २०२० साली उघडकीस आलेल्या सोलरविंड्स प्रकरणात बिल्ड चालू असतानाच सोर्सची फाइल गुपचूप बदलली जात होती. २०२४ साली एक्सझेड प्रकरणात घातक कोड चाचणीच्या फायलींत लपवला होता. त्याला जागे करणारी ओळ केवळ वितरणाच्या गठ्ठ्यातील बिल्ड स्क्रिप्टमध्ये होती, सार्वजनिक रेपॉझिटरीत नव्हती. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या आंद्रेस फ्रॉइंड यांच्या शंकेमुळे ती सापडली. दोन्ही प्रकरणे कंपायलरची नव्हेत. घाव मात्र सोर्स आणि बायनरी यांच्या मधल्या जागेवरच बसला.

७/ त्या जागेची राखण करते ती बिल्ड स्क्रिप्ट, जिच्यावर कोणी गौरवलेख लिहीत नाही. जीसीसीची पद्धत पाहा. यंत्रावरील जुन्या कंपायलरने पहिला टप्पा, पहिल्याने दुसरा, दुसऱ्याने तिसरा. मग दुसरा व तिसरा ताडून पाहायचे. फरक आढळला की काम थांबते.

८/ पण येथेही अतिविश्वास नको. या तुलनेत चुका पकडल्या जातात. थॉम्प्सनचे विष नव्हे, कारण ते दोन्ही टप्प्यांत सारखेच उतरते. त्यावर डेव्हिड व्हीलर यांचा उपाय आहे: तोच सोर्स एका वेगळ्या, स्वतंत्र कंपायलरकडून घडवा, त्यातून निघालेल्या कंपायलरने पुन्हा तोच सोर्स घडवा, आणि अंतिम बायनरी मूळ बायनरीशी बाइटगणिक ताडा. ही ताडणी अर्थपूर्ण व्हायची तर स्क्रिप्टने वेळेचे शिक्के, फोल्डरचे पत्ते, फायलींचा क्रम हे सारे गोठवलेच पाहिजे. ‘माझ्या यंत्रावर चालते’ हा पुरावा नव्हे.

९/ रस्टचा पहिला कंपायलर ओकॅमलमध्ये होता. आता बिल्ड स्क्रिप्ट आधीच्या आवृत्तीची तयार बायनरी उतरवून चेकसमशी ताडते. चांगलेच आहे, पण चेकसम सांगतो की फाइल तीच आहे, ती निर्दोष आहे असे नव्हे. गोने २०१५ साली १.५ आवृत्तीत सी सोडली, तरी सीमधून घडणारी १.४ आवृत्ती वाटेत शाबूत ठेवली. २०२३ च्या १.२१ पासून तर कोणीही तीच बायनरी बाइटगणिक पुन्हा घडवून पाहू शकतो. माझ्या लेखी गो खरी पात्र ठरली ती २०२३ साली, २०१५ साली नव्हे.

१०/ आणि २०२३ सालीच ग्विक्सच्या स्वयंसेवकांनी ३५७ बाइटांच्या बीजापासून, पायरीपायरीने, जीसीसीपर्यंतची सारी साखळी सोर्समधून उभी केली. ३५७ बाइट एक माणूस कागदावर वाचून तपासू शकतो. तरीही खालचा कर्नल आणि बिल्ड हाकणारा प्रोग्राम त्यांना आयताच घ्यावा लागला, आणि ते त्यांनी स्वतःच जाहीरपणे लिहून ठेवले.