समन्वयाची खुर्ची मोडू नका

मंत्रालयातल्या समन्वय कार्यासनाची टवाळी करणं सोपं आहे. त्याच्या हातात ना योजना, ना निधी, ना ठेका. विधानमंडळाचा प्रश्न आला की तो योग्य टेबलाकडे धाडायचा, माहिती मागवायची, स्मरणपत्रं काढायची, बैठकीचं इतिवृत्त लिहायचं, एवढंच त्याचं काम. म्हणून एक पक्ष म्हणतो, हे नुसतं टपालखातं आहे, नस्तीच्या वाटेत एक टेबल फुकट वाढतं, बंद करा. दुसरा म्हणतो, ई-ऑफिस आलं, आता माणसं कशाला हवीत? तिसरा त्याच्याही पुढे जातो : सगळ्या खात्यांचे अधिकार काढून एका प्राधिकरणाच्या हाती द्या, म्हणजे समन्वयाची गरजच उरणार नाही. हे तिन्ही पूर्वपक्ष मुंबईत बसून पटतात. वालावलच्या खाडीकाठी एकही टिकत नाही.

कुडाळ तालुक्यातलं वालावल म्हटलं की लक्ष्मीनारायणाचं देऊळ आणि त्याला लागून असलेलं तळं लोकांना आठवतं. सरकारदरबारी मात्र खरी गुंतागुंत आहे ती कर्ली नदीच्या खाडीची. वालावलवरून खाली गेलेलं हे पाणी देवबाग आणि भोगवे यांच्यामधून समुद्राला मिळतं. वालावल कुडाळात, देवबाग मालवणात, भोगवे वेंगुर्ल्यात. एका खाडीला तीन तहसीलदार. त्यात वाळू महसूल खात्याची, जेटी मेरीटाइम बोर्डाची, मासा मत्स्यव्यवसाय खात्याचा, कांदळवन वनखात्याचं आणि खारबंधारा जलसंपदाच्या खारभूमी शाखेचा. भरतीरेषेपासून किती अंतरावर काय बांधायचं, हे बघायला पर्यावरण विभागाकडचं किनारा क्षेत्र प्राधिकरण. होडीत बसून फोटो काढणारा पाहुणा पर्यटनवाल्यांचा.

आता समजा, अशा खाडीकाठचा एक खारबंधारा फुटला. खारं पाणी भातात शिरलं, त्या वर्षीचं पीक गेलं. दुरुस्ती लांबली, शेत पडीक राहिलं आणि चार-पाच पावसाळ्यांत तिथे कांदळ उगवलं. मग कधीतरी खारभूमीचं अंदाजपत्रक मंजूर होतं, यंत्र न्यायची वेळ येते आणि वनखातं हात आडवा करतं. त्याचं चुकत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने राज्यभर कांदळवन तोडायला मनाई केली. जमिनीची मालकी कोणाचीही असो, मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टा राखायचा, आणि सार्वजनिक हितासाठी तोडायचंच असेल तर न्यायालयाची परवानगी घ्यायची. तिकडे खारभूमीचा अभियंताही चुकत नाही, बंधारा राखणं हेच त्याचं काम. तलाठ्याच्या दप्तरात ती जमीन आजही शेतजमीन आहे, त्याचंही खरं. तिघंही आपापल्या कायद्याने बरोबर. शेतकऱ्याला मात्र तिन्ही दारांत एकच उत्तर : “ता आमच्याकडे येना नाय.”

टपालखात्याच्या आक्षेपाचं उत्तर इथेच आहे. याच बंधाऱ्यावर एखाद्या आमदाराने तारांकित प्रश्न टाकला, तर ‘बंधारा’ हा शब्द वाचून तो जलसंपदाकडे जाणार. जलसंपदा उत्तर देणार : अंदाजपत्रक सादर झालं आहे. उत्तर खरं, पण कुचकामी, कारण घोडं पेंड खातंय वनखात्याच्या हरकतीपाशी. चांगल्या समन्वय कार्यासनातला मुरलेला कक्ष अधिकारी असा प्रश्न पाहताच ओळखतो, की याची माहिती वन आणि महसूलकडूनही यायला हवी. मागच्या अधिवेशनात आपण काय आश्वासन दिलं होतं, तेही त्याच्या नस्तीत असतं. ही जाण टपालाच्या पिशवीत कुठून येणार? नुसतं ‘स्मरणपत्र क्र. ४’ काढून हात झटकणारी कार्यासनंही आहेत, आणि त्यांच्यावरची टीका मला शंभर टक्के मान्य आहे.

एक टेबल गेलं तर वेळ वाचेल, हा हिशेबही कच्चा आहे. ज्याला आपण दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतो, त्या २००५ च्या कायद्यानुसार कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे ७ कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. दुसऱ्या विभागाकडे जायचं नसेल तर निर्णय ४५ दिवसांत आणि जायचं असेल तर ३ महिन्यांत. म्हणजे दुसऱ्या खात्याला विचारण्याची किंमत दीड महिना, हे कायद्यानेच धरून चाललंय. समन्वयाचं टेबल काढलं म्हणून वनखात्याचा अभिप्राय टळत नाही. ते ३ महिने मोजणारा माणूस तेवढा जातो.

ई-ऑफिसबद्दल माझ्या मनात अढी नाही. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला लागलेल्या आगीत कागदांचं काय झालं ते आठवलं तर नस्ती संगणकावर असलेली बरी, हे कोणीही मान्य करील. पण संगणक नस्ती कुठे आहे ते सांगतो. परस्परविरोधी दोन अभिप्राय त्यात सुखाने शेजारी शेजारी राहतात.

प्राधिकरणवाद्यांचा मुद्दा सगळ्यात धोक्याचा. सगळे अधिकार एकाच हाती गेले की वनखात्याची हरकत मिटत नाही, ती बंद दाराआड गिळली जाते. खात्यांचे अधिकार न काढताही त्यांना एकत्र आणता येतं, हे सिंधुदुर्गाने पाहिलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीचा किनारी जैवविविधता प्रकल्प इथे कांदळवन कक्षामार्फत राबवला गेला. त्यात मच्छीमारांना चौकोनी आसाची जाळी मिळाली, खाडीत खेकडे आणि कालवं पाळली गेली, वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बायकांनी कांदळवन सफारी सुरू केली. कोणाचं खातं बंद झालं नाही. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हाही वीज, रस्ते, महसूल या खात्यांना एकत्र बसवायचं कोणी, हा प्रश्न नव्हता, कारण २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्याला त्या खुर्चीवर बसवलेलं आहे. वादळासाठी आहे तशी खुर्ची फुटलेल्या बंधाऱ्यासाठी का नसावी?

समन्वय हे इंग्रज साहेबाने लावलेलं खूळ आहे असंही कोणी म्हणू नये. पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात चालत्या दफ्तराबरोबर एकबेरीज दफ्तर होतं. ठिकठिकाणचे कागद वर्गवारीने लावायचे आणि जमाखर्चाचा तर्जुमा, म्हणजे गोषवारा, तयार करायचा, हे त्याचं काम. मुलूख त्याच्या ताब्यात नव्हता, पण पुण्यात बसून राज्याचा हिशेब एकत्र पाहायचा तर त्याच्याच कागदावरून.

माझी मागणी एवढीच आहे. समन्वय कार्यासनाला निर्णयाचा अधिकार नको. राज्यघटनेच्या कलम १६६ खालच्या कार्यनियमावलीने तो विभागांना, मंत्र्यांना आणि शेवटी मंत्रिमंडळाला दिला आहे, तो तिथेच राहू दे. मतभेद कागदावर आणायचा अधिकार मात्र त्याला द्या. एकच पान : खारभूमी या कायद्याने असं म्हणते, वनखातं त्या निकालाने तसं म्हणतं, दोघांचं इथे अडलं आहे, आणि अमुक तारखेपर्यंत मिटलं नाही तर प्रकरण मुख्य सचिवांपुढे जाईल. तारीख टाकणाऱ्याचं नाव खाली असावं आणि एक प्रत ग्रामपंचायतीला जावी. वालावलच्या फलकावर ते पान लागलं, की ग्रामसभेत ‘बंधारा कधी होणार’ एवढाच प्रश्न येणार नाही. तारीख उलटूनही नस्ती मुख्य सचिवांकडे का गेली नाही, असं लोक विचारतील, आणि त्याचं उत्तर तलाठ्यावर ढकलता येणार नाही.